लिफ्टची नववी चौकट

गाझियाबादमधील आमच्या इमारतीची लिफ्ट यांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे निर्दोष होती. ती बंद ठेवण्यात आली, कारण रहिवासी सदोष आहेत असे सोसायटीच्या समितीचे मत होते. कोणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये असताना सगळी बटणे एकदम दाबली होती आणि ते कृत्य कबूल करण्यास कोणीच पुढे आले नव्हते. तेव्हा समितीने ठराव केला, की लिफ्ट वापरण्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय कोणाही रहिवाशाने लिफ्टने प्रवास करू नये. असा अभ्यासक्रम अद्याप अस्तित्वात नव्हता. परिणामी आम्ही सर्वच अप्रशिक्षित ठरलो आणि जिने चढू लागलो. लिफ्टचे भाग आखडू नयेत म्हणून चौकीदार रामसजन तिला अधूनमधून रिकामीच वर-खाली पाठवीत असे. जिन्यात कठडा धरून दम खात असताना भिंतीपलीकडून ती जाताना ऐकू येई.

अभ्यासक्रम तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली, मानेसरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात प्रशिक्षण विभाग सांभाळला आणि निवृत्तीनंतर त्याच कारखान्यासाठी घरबसल्या ऑनलाइन पाठ तयार करीत असे. माझी पद्धत ठरलेली आहे. संगणकाला हात लावण्यापूर्वी मी स्टोरीबोर्ड करतो. पाठातील प्रत्येक पडद्यासाठी कागदावर एक चौकट: चौकटीत पेन्सिलीने काढलेले चित्र, चित्राखाली निवेदकाने म्हणायचे वाक्य आणि उजव्या समासात विद्यार्थ्याने काय करायचे ते. सगळ्या चौकटी भिंतीवर ओळीने लावल्या, की पाठ बनण्याआधीच तो डोळ्यांनी चालून पाहता येतो. रंग, आवाज आणि हालचाल चढवल्यानंतर सापडलेली चूक काढणे जिकिरीचे असते. कागदावर ती खोडरबराने जाते. कारखान्यात ही पद्धत कधी फसली नव्हती. तेथे मंजुरी देणारा माणूस एकच होता, ही गोष्ट मात्र मी विचारात घेतली नव्हती.

सोसायटीची समिती तिघांची होती. अध्यक्ष चड्ढासाहेब यांचे होजिअरीचे दुकान होते. श्रीमती पिल्लै बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाल्या होत्या. तिसरा आमच्यासारखाच मराठी विश्वास, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव; माझ्याहून बराच लहान, परंतु टिपणी लिहिताना माझ्या वडिलांच्या वयाचा वाटे.

पहिल्या आठ चौकटी सुरळीत मंजूर झाल्या. लिफ्टसमोर उभे राहा. बटण एकदाच दाबा. आतील लोकांना आधी बाहेर येऊ द्या. आत शिरा. दाराकडे तोंड करा. अशा क्रमाने दार बंद होण्यापर्यंतचा भाग पूर्ण झाला. मंजूर झालेली प्रत्येक चौकट रामसजन तळमजल्यावर टाचणीने लावी आणि तिची झेरॉक्स प्रत प्रत्येक मजल्यावर जाई. मी हे केवळ सूचना मागविण्यासाठी सुचवले होते. विश्वासने त्याचा वेगळा अर्थ लावला.

"श्यामकांतराव, जेवढ्या चौकटी मंजूर झाल्या, तेवढं प्रशिक्षण झालं असं धरायला हरकत नाही," तो म्हणाला. "तेवढी कृती लोकांना करू द्यावी."

म्हणून लोक आपापल्या मजल्यावर रांग लावू लागले. ते बटण दाबत, आत शिरत, दाराकडे तोंड करून उभे राहत आणि दार बंद होई. पुढची चौकट नसल्यामुळे दार पुन्हा उघडत असे, ते बाहेर येत आणि जिन्याने खाली उतरत. आठव्या मजल्यावरचे एक गृहस्थ रोज कार्यालयात जाण्यापूर्वी न चुकता हे करीत. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आदत बनी रहे, अंकल."

पाचव्या चौकटीतील माणसाचा डावा हात काढायचा माझ्याकडून राहून गेला होता. त्यानंतर इमारतीतील सर्वजण लिफ्टमध्ये डावा हात पाठीमागे लपवून उभे राहू लागले. मी हात काढून नवी चौकट सादर केली. विश्वासने ती परत पाठवली. मंजूर चित्रात बदल करायचा असेल, तर बदलाची आवश्यकता सिद्ध करणे जरूर होते, आणि हाताची आवश्यकता मला लेखी सिद्ध करता आली नाही.

या सर्व काळात माझी पत्नी कुमुद अकराव्या मजल्यावर होती. तिचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. लिफ्ट बंद झाल्यापासून ती खाली गेलेली नव्हती. भाजी, दूध आणि इमारतीतील बातम्या मी वर नेत असे.

"अहो, माझं पुण्याचं तिकीट शुक्रवारचं आहे," एका सकाळी मेथी निवडता निवडता ती म्हणाली. "तुमच्या त्या बाहुल्या शुक्रवारपर्यंत खाली पोचतायत का?"

"बाहुल्या नाहीत, चौकटी."

"तेच ते. रविवारी बारसं आहे. मानस म्हणतो, आई, त्रास नको घेऊस, व्हिडिओवर बघ. मी म्हटलं, जन्मल्यापासून नातीला मी तळहाताएवढीच बघतेय. मला तिला मांडीवर घेऊन वजन बघायचंय. ते दिसतं का तुमच्या व्हिडिओवर?"

"खुर्चीत बसवून उतरवता येईल. चार माणसं मिळतील."

"नको. माझ्या वयाचं माणूस चौघांनी धरून खाली आणलं, की लोक काही विचारत नाहीत, थेट रडायला लागतात."

मी समितीकडे सवलत मागावी, असे तिने सुचवले नाही. तिला माझा स्वभाव ठाऊक होता. जो अभ्यासक्रम मी स्वतः तयार करीत होतो, त्यातून माझ्याच घरच्या माणसाला सूट मागणे मला जमले नसते. तिने फक्त निवडलेल्या मेथीच्या काड्या माझ्या स्टोरीबोर्डच्या कोऱ्या कागदांवर ठेवल्या.

नवव्या चौकटीत लिफ्ट मध्येच थांबते. तंत्रनिकेतनात आम्हाला शिकवले होते, की यंत्र सुरळीत कसे चालते हे सांगण्यापूर्वी ते बिघडल्यावर काय करावे हे सांगावे. त्यानुसार सुखरूप बाहेर पडण्याची चौकट मी दहावी ठेवली होती. नवव्या चौकटीत बंद लिफ्टमध्ये एक शांत माणूस उभा होता आणि खाली वाक्य होते: घाबरू नका, घंटेचे बटण दाबा, वाट पाहा.

बैठक तळमजल्यावरील समितीच्या खोलीत झाली. चड्ढासाहेबांनी चौकट हातात घेऊन दूर धरली, मग जवळ आणली.

"ये आदमी कौन है जी?"

कोणीही नाही, एक रहिवासी आहे, असे मी सांगितले.

"पेट तो मेरा है."

मी खोडरबराने पोट कमी केले. त्यामुळे माणूस सडपातळ झाला आणि विश्वास पुढे वाकला.

"आता हा माझ्यासारखा दिसतो. चष्मा काढा त्याचा."

मी चष्मा काढला. आता तो केवळ चष्मा नसलेला विश्वास दिसत होता. म्हणून मी त्याला साडी नेसवली.

"फँसने के लिए हमेशा लेडीज़ ही क्यों?" श्रीमती पिल्लै शांतपणे म्हणाल्या. "मैंने पूरी ब्रांच चलाई है, एक दिन नहीं फँसी."

मी तरुण मुलगा काढला. पाचव्या मजल्यावरील भाडेकरू मुले हा आपल्यावर रोख समजतील, अशी हरकत निघाली. शेवटी मी एक वृद्ध गृहस्थ काढला. त्यावर माझीच हरकत होती.

तासाभराने माणूस पूर्णपणे खोडला गेला. मध्येच थांबलेली रिकामी लिफ्ट एकमताने मंजूर झाली. रिकाम्या लिफ्टमध्ये 'घाबरू नका' हे कोणाला उद्देशून आहे, असे मी विचारले.

"राहू द्या," विश्वास म्हणाला. "वाक्यावर कोणाची हरकत नाही. वाक्य चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी चौकटीच्या शेजारी समितीची सूचना लागली. मंजूर चित्रानुसार लिफ्ट थांबते त्या वेळी ती रिकामी असते; सबब ती थांबेल तेव्हा आपण आत नसल्याची खात्री प्रत्येक रहिवाशाने करावी. लिफ्ट केव्हा थांबेल हे आगाऊ सांगता येत नसल्यामुळे कोणीच आत न जाणे इष्ट ठरले. दार बंद होईपर्यंत उभे राहण्याची जी सोय होती, तीही गेली. आठव्या मजल्यावरच्या गृहस्थांना त्याचे खरोखर वाईट वाटले.

मी ही सूचना वर जाऊन कुमुदला वाचून दाखवली. ती पुण्याला न्यायचे डिंकाचे लाडू वळत होती.

"म्हणजे अडकायला कोणी तयार नाही म्हणून सगळं अडलंय," ती म्हणाली.

"थोडक्यात तसं."

"मग मला काढा की."

"तुला अडकलेली कशी काढू?"

"अडकलेलीच आहे. नवीन काय दाखवणार आहात त्यात?" तिने हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "काढा. पदर नीट काढा, आणि चेहरा रडका नको. मी अडकले तर रडणार नाही, बोलत राहीन. बॅगपण हातात दाखवा, म्हणजे उगाच फिरायला निघाले असं वाटायला नको."

मी तिला उभी राहा म्हटले आणि मोजपट्टी न वापरता काढू लागलो. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिच्याकडे एवढा वेळ सलग पाहिल्याचे मला आठवत नव्हते. चित्र पूर्ण झाल्यावर ती मागे येऊन उभी राहिली.

"नाक इतकं मोठं आहे माझं?"

"प्रमाणात आहे."

"आधी कधी बोलला नाहीत ते."

समितीच्या खोलीत सर्वांचे चेहरे उजळले. अडकण्यास राजी असलेली व्यक्ती मिळाल्यामुळे चित्र कोणासारखे दिसते हा प्रश्नच उरला नाही. "भाभीजी ने सोसायटी की इज़्ज़त रख ली," चड्ढासाहेब म्हणाले. श्रीमती पिल्लै यांनी पदराची तारीफ केली. विश्वासने कुमुदची लेखी संमती घेतली आणि रिकाम्या लिफ्टची चौकट रद्द करून ही नवी चौकट मंजूर केली.

मग मी माझ्या पद्धतीतील पुढचा टप्पा मांडला. पाठ बनवण्यापूर्वी स्टोरीबोर्डची चाचणी एका प्रत्यक्ष विद्यार्थ्यावर घ्यावी लागते. ही विद्यार्थिनी कुमुद असावी आणि चाचणी शुक्रवारी दुपारी व्हावी, असा प्रस्ताव मी ठेवला. अकराव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत लिफ्ट चालवल्याशिवाय चाचणी पूर्ण होत नाही, हेही नमूद केले. हा सवलतीचा अर्ज नव्हता. त्यामुळे मला तो करता आला. समितीने तो मान्य करून स्वतः लिफ्टमध्ये उपस्थित राहण्याचे ठरवले.

शुक्रवारी कुमुद बॅग घेऊन लिफ्टसमोर उभी राहिली. तिने बटण एकदाच दाबले, आत शिरली, दाराकडे तोंड केले आणि डावा हात पाठीमागे घेतला. तिच्या मागे तिघे परीक्षक उभे राहिले. चाचणीच्या वेळी पाठ तयार करणाऱ्याने विद्यार्थ्याजवळ थांबू नये, नाहीतर तो नकळत सुचवत राहतो, असा दंडक आहे; म्हणून मी जिन्याने खाली निघालो. खाली टॅक्सी सांगून ठेवली होती.

मी तळमजल्यावर पोचलो, तेव्हा दारावरचा आकडा एकवर थांबला होता. रामसजन भिंतीवरील विजेच्या बटणाजवळ उभा होता.

"लिफ्ट क्यों रुकी?" मी विचारले.

"नौवाँ नंबर आ गया, साहब." त्याने चौकटीकडे बोट दाखवले. "इसमें रुकी हुई है ना? मैडम वही हैं, बैग वही है. तो हमने रोक दी."

"तो अब चला दो."

"दसवाँ कहाँ है?"

मला त्याच्यावर रागावता येईना. चौकटींचा क्रम इतक्या निष्ठेने पाळणारा विद्यार्थी मला कारखान्यात कधीच लाभला नव्हता. दहावी चौकट मंजूर झालेली नव्हती, हे खरेच होते. ती चाचणीनंतर ठेवायची होती.

लिफ्ट पहिला मजला आणि तळमजला यांच्या मध्ये होती. दाराच्या वरच्या भागातील फटीतून आतला उजेड दिसत होता.

"अहो," आतून कुमुदचा आवाज आला, "ही थांबली."

"माहीत आहे. घंटेचं बटण दाबलंस?"

"दाबलं. वाट पाहा म्हणून लिहिलंय, पाहतेय. टॅक्सीवाला पाहील का?"

टॅक्सीवाल्याने त्याच वेळी दारातून डोकावून सांगितले, की निजामुद्दीन स्टेशनच्या रस्त्याला आज फार गर्दी आहे आणि गाडी मिळेल की नाही हे सांगायला तो ज्योतिषी नाही.

मी खिशातील पेन्सिल काढली, भिंतीला कागद लावला आणि दहावी चौकट आखली. समिती लिफ्टमध्येच होती. याचा अर्थ मंजुरीसाठी कोठे जायचे नव्हते. कागद फटीतून आत सारता येणार होता. मी ओरडून विचारले, की लिफ्ट उंचावर आहे, सर्वांना स्टुलावर पाय देऊन उतरावे लागेल, तर चौघांनाही काढू ना?

आत थोडी कुजबुज झाली.

"मुझे मत दिखाइए," श्रीमती पिल्लै म्हणाल्या. "स्टूल से उतरते हुए तो बिल्कुल नहीं."

"मुझे भी रहने दो जी," चड्ढासाहेब म्हणाले. "साइड से मेरा पेट आएगा."

"श्यामकांतराव, बंद पडलेल्या लिफ्टमधून सरकारी अधिकारी बाहेर पडतोय हे चित्र बरं नाही," विश्वास म्हणाला. "मला वगळा."

"मला काढा," कुमुद म्हणाली. "मोठी काढा. नाकासकट."

मी तिला काढले. उघडे दार, खाली स्टूल, स्टुलावर तिचा एक पाय, हातात बॅग. कागद फटीतून आत गेला. पुढची काही मिनिटे मला केवळ आवाज ऐकू येत होते.

"बॅग उजव्या हातात आहे, मग आधार कशाचा घेतला?" विश्वास विचारत होता. "दुसऱ्या कोणाचा तरी हात दाखवायला हवा."

"किसका हाथ?" चड्ढासाहेबांनी विचारले.

"भाऊजी," कुमुद म्हणाली, "हे बघा, डिंकाचे लाडू आहेत. सूनबाईसाठी केलेत. सही करणाऱ्याला एक देते. हरकत घेणाऱ्याला नाही."

डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज आला. मग चावण्याचे आवाज. कागद फटीतून परत आला. त्यावर तीन सह्या होत्या आणि कोपऱ्यात तुपाचा डाग होता.

रामसजनने चौकट टाचणीने लावली, मागे सरून नीट पाहिली आणि स्टूल आणायला गेला. तो आला, तो चिंतेत.

"साहब, इसमें तीन टाँगें हैं. हमारे वाले में चार हैं."

"चौथी पीछे है," मी म्हणालो.

त्याने चौकटीच्या बाजूला मान वळवून चित्राच्या मागे पाहण्याचा प्रयत्न केला. मग माझ्या वयाकडे पाहून माझे म्हणणे खरे मानले. त्याने किल्लीने दार उघडले, स्टूल ठेवले आणि कुमुद बॅगेसह खाली उतरली. जमिनीवर पाय टेकल्यावर ती क्षणभर उभी राहिली. दारातून ऊन आत आले होते. तिने डोळ्यांवर हात धरला.

तिच्या मागोमाग चड्ढासाहेबांनी स्टुलाकडे पाय लांबवला.

"सर, आप इसमें नहीं हैं," रामसजन अदबीने म्हणाला.

चड्ढासाहेबांनी चौकटीकडे पाहिले, मग खालच्या आपल्या सहीकडे. पाय मागे गेला.

"तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे," आतून विश्वास म्हणाला, आणि दार बंद झाले.

मी अकराव्या चौकटीसाठी नवा कागद घेतला. कुमुद टॅक्सीत बसली होती.

"बसताय ना?"

"आत तिघं आहेत. अकरावी चौकट..."

"पेन्सिल घ्या बरोबर. ते कुठे जात नाहीयेत."

निजामुद्दीनला आम्ही गाडी सुटण्याच्या बेताला पोचलो. मी बॅग बाकाखाली सरकवली. डबा तिने मांडीवर ठेवला आणि तो हलवून पाहिला.

"हलका झालाय," ती म्हणाली. "सूनबाईला सांगेन, वाटेत समिती लागली."

गाडी गेली. मी फलाटावरील बाकावर बसून फोन पाहिला. लिफ्टमधून तिघांचे निरोप आले होते. बऱ्याच चर्चेनंतर त्यांच्यात एकमत झाले होते: चेहरे दाखवू नयेत, तिघांनाही बाहेर पडताना केवळ पाठमोरे दाखवावे. मी अकरावी चौकट आखली, तीन पाठी काढल्या आणि फोटो पाठवला. चड्ढासाहेबांनी विचारले, की यातली त्यांची पाठ कोणती. श्रीमती पिल्लै यांचे म्हणणे होते, की मधली रुंद आहे आणि ती त्यांची असल्याचा गैरसमज होईल. विश्वासने पाठींना क्रमांक द्यावेत असे सुचवले होते.

तेवढ्यात कुमुदचा फोन आला. मागे गाडीचा आवाज होता.

"सुटले का हो ते?"

"मंजुरीच्या टप्प्यावर आहेत."

"बरं. भाकरी डब्यात आहे, पिठलं गरम करून घ्या. आणि जिन्यात घाई करू नका, अकरा मजले आहेत."

मी बरे म्हटले. मग बाकावर कागद सरळ केला आणि खोडरबराने मधली पाठ थोडी अरुंद केली.